सात नंबरचा पॉइंट

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्या साडूने ज्याचं रक्त काढलं नाही असा माणूस शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्या काळात इथे राहायला नव्हता असं खुशाल समजावं. तो हिवताप विभागाचा कर्मचारी होता. सरकारी कागदावर त्याच्या हुद्द्याला लांबलचक नाव होतं, पण पाड्यापाड्यांवर त्याला सगळे मलेरियावालाच म्हणत, आणि त्याची सायकल वळणावर दिसली की अर्ध्या पाड्याचा ताप आपोआप उतरे. उरलेल्या अर्ध्याला तो गाठी. कपाळाला हात लावायची त्याला इतकी सवय झाली होती की रस्त्यात कुणी रामराम घातला, तर याचे हात जुळायच्या आधी उजवा तळवा समोरच्याच्या कपाळावर टेकलेला असे. एका लग्नात हळद लागलेल्या नवरदेवाला हुडहुडी भरली. बायका म्हणाल्या, ओल्या हळदीने भरली असेल. साडू म्हणाला, "हळदीनं हुडहुडी नाय भरत. हुडहुडीलाच हळद लावलीय तुमी," आणि त्याने भर मांडवात नवरदेवाचं बोट टोचून काचपट्टी भरली. आठवड्याने तपासणीत खरोखर हिवताप निघाला, तेव्हा गोळ्या द्यायला हाच गेला आणि येताना नव्या नवरीचंही बोट टोचून आला.

साठलेल्या पाण्याशी त्याचं जन्माचं वैर होतं. कुणाच्याही घरी गेला तरी पुढच्या दाराने आत न जाता आधी मागच्या दाराला जाई, पिंपात बॅटरीचा झोत टाकी आणि अळी दिसली की पिंप उलटं करी. पाणी दोन डोंगर पलीकडच्या विहिरीवरून आणलेलं असो की नळाचं, त्याला सगळं सारखंच. दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे मुरबाडला आला, तर चपला काढायच्या आधी त्याने कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या ओतल्या, हात धुतले, आणि मग माझ्या बायकोला म्हणाला, "हं ताई, आता द्या चकली." लग्नात लोक भांडी देत, हा प्लास्टिकच्या पिशवीतून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे देई. माझ्या मुलीच्या लग्नातही दिले. व्याही मंडळी कांदासुद्धा न खाणारी. आहेराच्या टेबलावर जिवंत मासे वळवळताना पाहून विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. साडू त्यांना समजावत होता, "खायाचे नायत हे, बाय. हेच खातात." मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. आता असं वाटतं की त्या मांडवात मनापासून काही आणलेला तो एकटाच होता.

पण त्याची खरी ओळख होती ती तारीख. हिवतापाचे कर्मचारी घरोघरी जाऊन आले की दारालगतच्या भिंतीवर तारीख टाकतात, हे खेड्यात राहिलेल्यांना ठाऊक असेल. साडूच्या खिशात गेरूचा खडा असायचा. वळचणीखाली, पावसाचं पाणी लागणार नाही अशा हातभर जागेत तो तारीख टाकायचा, खाली वेळ आणि त्याखाली आपल्या नावाची दोन अक्षरं. आता हेही खरं की त्या खात्यात सगळेच असे नव्हते. काही जण एसटीच्या थांब्याजवळच्या चार घरांना तारखा टाकत आणि आतले पाडे रजिस्टरातच फिरून येत. त्यामुळे लोक सगळ्यांनाच हसायचे. "मलेरियावाला भिंतीचा ताप बघतो, मानसाचा नाय," अशी एक म्हणच झाली होती. हे कानावर आलं की माझ्या साडूचा चेहरा पडायचा. एका भादव्यात तो पूर ओसरायची वाट न बघता कमरेएवढ्या पाण्यातून तीन घरांच्या एका पाड्यावर गेला. तिन्ही घरांना कड्या. माणसं नात्यातल्या कुणाच्या तरी कार्याला गेली होती. त्याने तीन तारखा टाकल्या आणि तसाच परत आला. मी विचारलं, "अरे, घरी बसून लिहिलं असतंस तर कुणाला कळलं असतं?" तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तसा कोनाला कळला नसता, गुरुजी. पन मी गेलो म्हटला की गेलेला आसतो, येवढाच एक माज्याकडं हाय. तो बी घालवू काय?"

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण त्याच्याबद्दल बोलायला लागलं की आधी हसूच येतं. पण हे लिहायला बसलो ते हसवण्यासाठी नाही. त्याच्याकडचं ते एवढंच एक, ते मी घालवलं. आज मला ब्याऐंशीवं लागलं आहे, आणि ही गोष्ट बरोबर घेऊन जाण्याचं धैर्य मला नाही.

साडू हे नातंच जरा अवघड. भावाशी भांडता येतं, मित्राला सोडता येतं, साडूच्या बाबतीत मात्र दोन्ही करता येत नाही. एकाच सासऱ्याच्या ओसरीवर दोन पाटांवर बसून जन्मभर कोणाच्या पानात काय वाढलं हे तिरक्या डोळ्याने पाहायचं. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. सासुरवाडीला पेपर माझ्या हातात आधी यायचा, आणि कुठल्याही वादात "गुरुजी काय म्हणतात बघा" असं म्हटलं जायचं. साडूला असं कुणी काही विचारायचं नाही. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट तोच सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा, "आमच्या गुरुजींना इचारा." मला या मानाची सवय झाली होती, इतकी की हा मान जाईल या भीतीने मी काय करू शकतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत आमच्या भागात रविवारी शहरातली सायकलवाली मंडळी दिसू लागली. रंगीत कपडे, जाड टायरच्या सायकली, पाठीला पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडात. वैशाखऱ्याच्या पुढे एकदा त्यांच्यातल्या एकाची साखळी तुटली, ती माझ्या साडूने खिळा आणि दगड वापरून जोडून दिली, आणि जोडून झाल्यावर त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिथून ओळख झाली. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटाला त्या मंडळींनी तिथल्या जंगलात एक स्पर्धा ठरवली. हातात नकाशा द्यायचा, नकाशावर दहा ठिकाणं गोल करून दिलेली, प्रत्येक ठिकाणी झाडाला किंवा दगडाला भगव्या-पांढऱ्या कापडाचा झेंडा आणि त्याला टांगलेला एक काट्यांचा चिमटा. सायकलवरून, जमेल तिथे सायकल खांद्यावर टाकून, ती ठिकाणं ओळीने शोधायची, चिमट्याने आपल्या कार्डाला भोकं पाडायची आणि सगळ्यांत आधी परत यायचं. त्या ठिकाणांना ते पॉइंट म्हणत. स्थानिक माणसं हवीत म्हणून ते साडूकडे गेले, आणि साडू त्यांना माझ्याकडे घेऊन आला. "नकाशा म्हटला का आमचे गुरुजी," तो त्यांना म्हणाला. मी आयोजकांत, तो स्पर्धेत. त्याचं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली.

त्या मंडळींनी त्याला गिअरची सायकल देऊ केली. त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, गिअर मोजले आणि ती परत केली. "माज्या घोडीला दोनच गिअर. एक बसून मारायचा, दुसरा उतरून ढकलायचा. तिसऱ्याची गरज नाय पडली आजवर." हेल्मेट सक्तीचं होतं, ते त्याने आपल्या पांढऱ्या टोपीवर घातलं. टोपी काढायला सांगितली तर म्हणाला, "आत गादी नको काय?" भोकं पाडायचा चिमटा मात्र त्याला बेहद्द आवडला. स्वतःच्या बोटावर चालवून बघून म्हणाला, "झकास. हे लोक कार्डाचा रक्त काढतात."

अडचण नकाशाची होती. स्वतःच्या हद्दीतल्या पाड्यांचे नकाशे तो हाताने काढायचा, घर न् घर, पिंप न् पिंप. पण त्या छापील नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहून म्हणाला, "हे काय? डोंगराच्या अंगठ्याचा ठसा?" तेव्हा तो तीन संध्याकाळी सापगावहून सायकल मारत माझ्याकडे मुरबाडला आला, आणि माझ्या ओट्यावर बसून मी त्याला नकाशा शिकवला. रेषा जवळ आल्या की चढ, लांब गेल्या की सपाटी, निळी रेघ ओढा, काळा ठिपका कातळ. तीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नव्हता. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "आनि समजा, गुरुजी, नकाशात एक आनि जाग्यावर दुसरा आसला, तं?" मी वर्गात सांगायचो तेच सांगितलं. "नकाशा चुकत नसतो. तसं दिसलं तर आपण चुकलो असं समजायचं, आणि पुन्हा शोधायचं." त्याने मान डोलावली. "म्हंजे रजिस्टरच की हे. लिवलाय तिथं जायाचाच."

झेंडे आदल्या दिवशी लावायचे होते. सहा, सात आणि आठ नंबर माझ्याकडे होते. सात नंबर नकाशात ओढ्याच्या पलीकडे होता, काठापासून बराच आत, एका मोठ्या कातळाच्या कपारीपाशी. दुपारपासून संततधार लागलेली. पायवाटेला लाल मेणचट चिखल, पाऊल उचललं की पाय वर आणि बूट खाली. ओढ्याशी पोचलो तर पाणी गुडघ्याच्या वर आणि तळाचे दगड शेवाळलेले. मी साठीचा माणूस. दोन पावलं टाकली, पाय सरकला, परत फिरलो. अलीकडच्या काठावर वाटेलगत एक ऐनाचं झाड होतं, त्याच्या फांदीला झेंडा बांधला. मनाशी म्हटलं, चार-पाचशे पावलांचा तर फरक, सकाळी आयोजकांना सांगून टाकू. सकाळी गेलो, तर त्यांचा मुख्य तरुण माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या स्पर्धकांना सांगत होता, "हे आमचे सर. या जंगलाचा इंच न् इंच यांना पाठ आहे." टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात साडू वाजवत होता. मी सांगितलं नाही.

स्पर्धा सुरू झाली. शहरातली मुलं चिखलात कोसळत होती, उठत होती, हसत होती. शेवटच्या टप्प्यावर शाळेच्या मैदानात मांडव घातला होता, तिथे मी बसलो होतो. साडूची बायको, म्हणजे माझी मेहुणी, माझ्या बायकोसोबत भाकऱ्या बांधून आली होती आणि नवऱ्याचा नंबर लागणार या खात्रीने पुढच्या खुर्चीत बसली होती. एकेक जण येऊ लागला. कार्डाला दहा भोकं. सगळे पायवाटेनेच ओढ्याकडे गेले होते, त्यामुळे ओढा ओलांडायच्या आधीच त्यांना ऐनावरचा झेंडा दिसला होता. एक मुलगी मला म्हणाली, "सर, सात नंबर मॅपवर पलीकडे वाटतो ना?" मी म्हटलं, "पावसात अंदाज चुकतो." तिला तिचं भोक मिळालेलं होतं, ती पुढे गेली.

सगळे आले आणि साडू आला नाही. सहा नंबरवरच्या स्वयंसेवकाने निरोप आणला होता की मलेरियावाले काका तिथे पहिल्या तिघांत होते. पुढचं मला समजायला वेळ लागला नाही. तो पायवाटेने गेलाच नसणार. त्याला वरच्या पाड्यावरून उतरणारी जुनी वाट माहीत होती, ती थेट पलीकडच्या कातळाशी येते. पहिला आलेला मुलगा पोहे खाऊन, आंघोळ करून पुन्हा मांडवात येऊन बसला, तेव्हा साडू सायकल ढकलत मैदानात शिरला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, हेल्मेटखालची टोपी लाल झालेली.

मुख्य तरुणाने कार्ड पाहिलं. "काका, सात नंबर मिसिंग आहे."

"झेंडा नवता तिथं."

"सगळ्यांना मिळाला, काका."

"मंग कोनी नेला आसंल मागनं. मी तास-दीड तास शोधला. पयला वाटला माजाच चुकला. पुन्ना वर गेलो, पुन्ना नकाशा लावून उतरलो. तोच कातळ. झेंडा नाय." मग त्याने मोठ्या विश्वासाने सांगितलं, "भोक नाय, पन मी तारीख टाकलीय. कपारीत. टाइम बी लिवलाय. चला, दावतो."

मांडवात हशा पिकला. गावातलाच कोणीतरी मागून ओरडला, "काय मलेरियावाले, झाडाचा रक्त घेतला का कातळाचा?" दुसरा म्हणाला, "आरं, भितीवर टाकतो तशीच टाकली आसंल. हितनंच!"

साडूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, सात नंबर तुमीच लावला ना?"

"लावला."

"नकाशात हाय तिथंच?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मेहुणीही. मी म्हटलं, "तिथंच."

"मंग झाला तं. माजी तारीख बी तिथंच गावंल. तुमी सोता जाऊन बघा. तुमी सांगाल ते खरा."

झेंडे उतरवायला मला जायचंच होतं. मी एकटा गेलो. ओढा उतरला होता, आदल्या दिवशी जो पार करता आला नव्हता तो त्या दिवशी घोट्याएवढ्या पाण्यातून पार केला. कातळाभोवतीचा चिखल सायकलच्या चाकांनी आणि बुटांनी तुडवून तुडवून गारा झाला होता. एवढ्या जागेत माणूस किती वेळा फिरला असेल, ते दिसत होतं. कपारीत, पाणी लागणार नाही अशा हातभर कोरड्या जागेत गेरूने तारीख होती. खाली वेळ. खाली दोन अक्षरं. आणि त्याखाली, घरांवर तो कधी लिहीत नसे असा एक शब्द: 'आलो'.

मी ते सगळं तळहाताने पुसलं. कातळावरचा गेरू चटकन निघत नाही, पालापाचोळा घेऊन घासावा लागला. मग ओढ्यात हात धुतले, ऐनावरचा झेंडा सोडला आणि परत आलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगताना त्याला कुठलंही कारण जोडणार नाही.

मांडवात आल्यावर मी म्हणालो, "काही नाही तिथे."

साडू क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने हेल्मेट काढलं, आतला चिखल पुसून ते नीट परत दिलं, आणि त्या मुलांना म्हणाला, "पावसानं गेली आसंल." कपारीत पाऊस लागत नाही हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्याने मला वाचवलं की खरंच तसं समजून घेतलं, हे मी त्याला कधी विचारू शकलो नाही. मेहुणीने भाकऱ्या सोडल्याच नाहीत. त्याच दिवशी परतताना एसटीत ती माझ्या बायकोला म्हणाली, "नव्हतं जमलं तर नव्हतं जमलं म्हणायचं ना गो. येवढ्या लोकांत खोटं कशाला बोलायचं?"

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर निदान एका दिवसाची झाली असती. पण अशी गोष्ट पायवाटेने फिरते. शेणव्याच्या बाजाराला गेला तर कुणी विचारी, "काका, आज खरोखर आलात काय?" झाडांवर, दगडांवर कोळशाने तारखा दिसू लागल्या, खाली 'मलेरियावाला येऊन गेला'. मग ते त्याच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या मागून घरं तपासत फिरलं. एकही तारीख खोटी निघाली नाही. पण कुणीतरी मागून फिरलं, हे त्याने मनाला लावून घेतलं. त्यानंतर तो तारखेशेजारी घरातल्या माणसाची सही घेऊ लागला, सही न येणाऱ्याचा अंगठा. पुढे ती सवय नोकरीबाहेरही लागली. आमच्याकडे चहाला आला तरी उठताना खिशातली वही काढून बायकोला म्हणे, "ताई, आलो व्हतो म्हनून लिवून द्या." ती हसून लिहून द्यायची. मलाही हसावं लागायचं. एकदा वही माझ्यापुढे धरली. मी सही केली, तारीख घातली, आणि मान वर न करता वही परत दिली. त्याने सवयीने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाय," म्हणाला.

निवृत्त झाल्यावर त्याने सायकल गोठ्यात उभी केली. पुढे पोटाचं दुखणं निघालं. मी दर आठवड्याला सापगावला जायचो. प्रत्येक वेळी वाटेत वाक्य जुळवायचो, आणि प्रत्येक वेळी तो माझ्या आधी बोलायला लागायचा, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा, कोपऱ्यातल्या माठावर झाकण आहे का बघायला सांगायचा. शेवटच्या भेटीत खोलीत आम्ही दोघेच होतो. मी "ऐक ना," म्हटलं. त्याने डोळे उघडले. "बोला, गुरुजी." मी म्हटलं, "पाणी देऊ?" तो म्हणाला, "द्या." चार दिवसांनी तो गेला.

त्यालाही आता बारा वर्षं होतील. गेल्या पौषात मी मेहुणीकडे गेलो. ती ओटीवर सूप मांडीवर घेऊन वाल सोलत बसली होती. समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ओढा, ऐन, कपार, तळहात. तिचं वाल सोलणं मध्येच थांबलं होतं.

"म्हंजे ते गेले होते," ती म्हणाली.

"हो."

"ओढ्याच्या पलीकडं. त्या कातळाशी."

"हो."

ती सुपातले वाल एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करत राहिली. "जायच्या आधी आठेक दिवस असतील, मी त्यांना विचारलं होतं, भावजी. म्हटलं, आता कशाची लाज? मला एकटीला सांगा. नव्हता ना गेला? ते म्हणाले, तुला काय वाटतं? मी म्हटलं, नसाल गेला. तर हसले. बरं म्हणाले. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, झोप आली."

मी हात जोडले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, रागाने नव्हे, फार थकून. "तुमी माझ्याकडं आलात, बरं केलंत. तुमचं मोकळं झालं. आता मी कोणाकडं जायचं?"

मग ती उठली, चहा ठेवला, साखर विचारून घातली. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुमचं पेपरात, मासिकात येतं ना लिहून? मग हे लिहा. त्यांचं नाव नका घालू, त्यांना आवडायचं नाही. पण इकडची माणसं ओळखतील असं लिहा."

म्हणून लिहिलं. शहापूर-मुरबाडकडच्या ज्यांनी त्या दिवशी मांडवात हसून घेतलं, आणि ज्यांनी नंतर ऐकून हसून घेतलं, त्यांच्यासाठी सरळ लिहितो. झेंडा मी चुकीच्या जागी लावला होता. बाकी सगळ्यांनी कार्डाला भोकं पाडली ती ऐनाच्या झाडाखाली, अलीकडच्या काठावर. त्या दिवशी सात नंबरच्या पॉइंटवर पोहोचलेला स्पर्धक एकच होता, आणि तो माझा साडू होता.